जो भात आपल्याला पचायला हलका, तो गायीच्या जिवावर का बेतला?

माळावरचा मास्तर :

गेल्या महिन्यात आमच्या वाडीत एक लग्न झाले. पंगती उठल्यावर उरलेला भात, पोळ्या आणि बरीचशी बुंदी मंडपामागच्या खड्ड्यात टाकली गेली, आणि रात्री दावे तोडून निघालेली शेजाऱ्यांची गाय नेमकी तिथे पोहोचली. तिने किती खाल्ले हे कोणी पाहिले नाही. सकाळी ती गोठ्याबाहेर उभी होती खरी, पण तिचे रवंथ बंद पडले होते, मान खाली गेली होती आणि चालताना तिचा तोल जात होता. दुपारी आंबूस वासाची पातळ हगवण लागली. डॉक्टर येऊन सलाईन लावेपर्यंत ती खाली बसली होती, आणि बसली ती पुन्हा उठली नाही.

गावात लगेच 'विषबाधा' हा शब्द फिरू लागला. परंतु तेच अन्न आदल्या दुपारी तीन-चारशे माणसांनी खाल्ले होते आणि त्यांच्यापैकी कोणाचे पोटसुद्धा दुखले नव्हते. दोन दिवसांनी माझ्या सातवीच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, ताप आला की आई मला मऊ भात देते, कारण तो पचायला हलका असतो. मग गायीला तो का पचला नाही? आणि गाय कडब्यावर जगते, तर आपण का नाही जगू शकत?"

मी मराठी शिकवतो. विज्ञानाच्या पुस्तकात अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे असा क्रम दिलेला आहे आणि गायीला चार पोटे असतात असे एक वाक्य आहे. तेवढ्या आधारावर दोन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. हे दोन प्रश्न मुळात एकच असावेत असा मला संशय आहे. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. उत्तर थोडे लांबले तरी चालेल.

भकाळ :

मास्तर, आपला संशय बरोबर आहे. मी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालो असून लग्नसराईत अशी जनावरे दरवर्षी पाहिलेली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कडबा घेऊ. भातातील पिष्ट (स्टार्च) आणि कडब्यातील सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेच्या लांबलचक माळा आहेत. फरक आहे तो दोन मण्यांमधल्या सांध्याचा. पिष्टात तो एका ढंगाने बसलेला असतो आणि सेल्युलोजमध्ये दुसऱ्या. आपल्या लाळेतील आणि स्वादुपिंडातील विकरे, म्हणजे अन्न तोडणारी एन्झाइम, पहिला सांधा भराभर तोडतात, दुसऱ्यापुढे ती निरुपयोगी ठरतात. आता सर्वसाधारण समजूत अशी असते की गायीकडे हा दुसरा सांधा तोडणारे विकर असते म्हणून ती कडबा पचवते. तसे ते नसते. गाय, म्हैस, शेळी, घोडा, हत्ती, ससा यांपैकी एकाही प्राण्याचे शरीर असे विकर स्वतः तयार करत नाही. ते तयार करतात जिवाणू, काही आदिजीव (एकपेशीय सूक्ष्म प्राणी) आणि काही बुरशा. गायीचे वैशिष्ट्य एवढेच की तिने या सूक्ष्मजीवांना राहायला जागा दिली आहे, आणि ती जागा अगदी दारातच दिली आहे.

'चार पोटे' हा शब्दप्रयोग सोयीचा आहे, पण पोट एकच असून त्याचे चार कप्पे आहेत. पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट, ज्याला अनेक ठिकाणी कोटीपोट असेही म्हणतात. मोठ्या गायीत तो १०० लिटरहून अधिक माल मावेल एवढा असतो आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापतो. त्याला लागून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे अस्तर असलेले जाळीपोट असते. त्यापुढे पुस्तकाच्या पानांसारख्या पडद्यांचा तिसरा कप्पा असून तो पाणी शोषून घेतो. चौथा कप्पा तेवढा आपल्या जठरासारखा आहे. आम्ल आणि प्रथिने तोडणारी विकरे फक्त त्यातच पाझरतात.

कोठीपोटात ना आम्ल पाझरते, ना गायीचे स्वतःचे एखादे विकर. तिथे सुमारे ३९ अंश सेल्सियसची ऊब असते, प्राणवायू जवळपास नसतो, सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ६ ते ७ च्या दरम्यान राहतो आणि एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींहून अधिक जिवाणू असतात. हे जिवाणू चाऱ्याचे किण्वन करतात, म्हणजे तो आंबवतात, आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही मेदाम्ले निर्माण होतात. ती कोठीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात शोषली जातात आणि गायीला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ७० टक्के ऊर्जा त्यांच्यातून मिळते. सोबत कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायू तयार होतात; ते गाय ढेकरांवाटे बाहेर टाकते. ढेकर अडली तर काही तासांत पोटफुगी होते, आणि डाव्या भकाळीला, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागाला, टिचकी मारल्यावर नगाऱ्यासारखा आवाज का येतो हे त्यावरून लक्षात यावे.

रवंथ म्हणजे याच कारखान्याला कच्चा माल बारीक करून देण्याचे काम होय. गाय दिवसातले सहा ते आठ तास रवंथ करते आणि त्या काळात लाळ गिळत राहते. मोठ्या दुभत्या गायीची लाळ दिवसाला १०० लिटरहून अधिक भरते. या लाळेत पिष्ट तोडणारे विकर जवळपास नसते, परंतु खाण्याच्या सोड्यातील क्षार भरपूर असतो, आणि जिवाणूंनी तयार केलेली आम्ले तो सतत मारत राहतो.

यातली सर्वांत गमतीची गोष्ट पुढे आहे. चाऱ्याच्या चोथ्याबरोबर स्वतः जिवाणूही पुढच्या कप्प्यांत वाहून जातात आणि चौथ्या कप्प्यात मारले जाऊन पचवले जातात. गायीच्या लहान आतड्यात पोहोचणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक प्रथिने या जिवाणूंच्या शरीरांतून आलेली असतात. तेव्हा गाय आपला चारा आधी जिवाणूंना वाढते आणि मग ते जिवाणू खाते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता भात. सेल्युलोज सावकाश आंबते. शिजलेला भात आणि बुंदीतील साखर मात्र वाटेत कोणतीही आडकाठी न येता थेट कोठीपोटात पडतात आणि तिथे आगीसारखी पेटतात. अशा वेळी स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा, एरवी अल्पसंख्य असलेला जिवाणू झपाट्याने वाढतो आणि लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो. हे आम्ल नेहमीच्या मेदाम्लांपेक्षा सुमारे दहापट तीव्र असते. सामू ६ वरून ५ च्या खाली उतरतो, कडबा पचवणारे जिवाणू आणि आदिजीव मरतात, कोठीपोटाची हालचाल थांबते आणि त्याबरोबर रवंथ थांबते. रवंथ थांबल्यामुळे लाळेतला सोडाही येईनासा होतो. कोठीपोटातील द्रव इतका दाट होतो की रक्तातले पाणी उलट त्यात ओढले जाते. म्हणून असे जनावर पोटात बादल्या भरून पाणी असताना कोरडे पडते, डोळे खोल जातात, आणि लॅक्टिक आम्ल रक्तात उतरले की तोल जाऊ लागतो. आपण वर्णन केलेली प्रत्येक खूण या क्रमात बसते. याला आम्लधर्मीय अपचन म्हणतात. वेळेत कळले तर सोडा, शिरेतून द्रव, कोठीपोट धुणे किंवा उघडून रिकामे करणे, आणि निरोगी जनावराच्या कोठीपोटातील पाणी पाजून जिवाणूंची नवी वस्ती बसवणे असे उपाय करता येतात. परंतु संध्याकाळपर्यंत थांबल्यावर हाती फारसे काही उरत नाही.

प्रयोगवही :

भकाळ यांनी गायीची बाजू इतकी नेमकी मांडली आहे की मी फक्त माणसाची बाजू जोडतो. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे.

त्या मुलीला मऊ भात हलका का वाटतो, याचे उत्तर क्रमात आहे. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतील अमायलेज हे विकर तोंडातच पिष्टाची साखर करू लागते. जठरात सामू दीड ते साडेतीनपर्यंत उतरतो. तिथे पेप्सिन प्रथिनांचे तुकडे पाडते आणि अन्नाबरोबर आलेले बहुतेक जिवाणू मरतात. पुढे सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात पित्त स्निग्ध पदार्थ फोडते, स्वादुपिंडाचा रस उरलेले पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ तोडतो, आणि तयार झालेली साखर रक्तात शोषली जाते. म्हणजे भातातील पिष्टावर पहिला हक्क आपला असतो. आपल्याही शरीरात जिवाणूंची मोठी वस्ती आहे, परंतु ती आहे शेवटच्या दीड मीटरमध्ये, मोठ्या आतड्यात. भात तिथे पोहोचेपर्यंत त्यात खाण्यासारखे थोडेच शिल्लक असते. गायीत जिवाणू पहिल्या पंगतीला बसतात आणि आपल्यात शेवटच्या. तोच भात दोन ठिकाणी दोन प्रकारे वागतो तो एवढ्यासाठी.

याचा पडताळा स्वयंपाकघरात रोज मिळतो. हरभरा, वाल, राजमा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात आणि त्या तोडणारे विकर आपल्याकडे नाही. त्या लहान आतड्यातून जशाच्या तशा पुढे जातात, मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या ताटात पडतात, आणि मग जे होते ते सर्वांना ठाऊक आहे. कडधान्ये भिजवून पाणी टाकले किंवा त्यांना मोड आणले की या शर्करा कमी होतात. मोडांची उसळ सोसते ती त्यामुळे. प्रौढपणी लॅक्टेज हे विकर कमी झालेल्या माणसाला दूध पिऊन पोट फुगते, त्यामागेही हेच कारण असते, कारण न पचलेली दुधातली साखर खालच्या वस्तीला मिळते. पण आपल्यात हा प्रकार आतड्याच्या टोकाशी, थोड्या प्रमाणात घडत असल्याने तो जिवावर बेतत नाही.

कडब्यावर आपण का जगू शकत नाही, याचेही उत्तर याच मांडणीत आहे. भाजीतले तंतू आपल्या मोठ्या आतड्यात काही प्रमाणात आंबतात आणि त्यांतून तीच मेदाम्ले मिळतात, मात्र आपल्या ऊर्जेच्या गरजेतला त्यांचा वाटा ढोबळमानाने दहा टक्क्यांपर्यंतच असतो. शिवाय तिथे वाढलेले जिवाणू आपल्याला पचवता येत नाहीत, कारण प्रथिने पचवणारे आणि शोषणारे लहान आतडे मागे राहिलेले असते. ते सरळ बाहेर जातात. आपण भट्टी पोटात बांधण्याऐवजी चुलीवर बांधली, असे मी वर्गात सांगत असे: शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि विकरांना त्यांच्यात शिरायला वाट मिळते. कच्चे तांदूळ चावून भाताइतके पोट भरत नाही ते याच कारणाने.

माळावरचा मास्तर :

दोघांचेही मनापासून आभार. 'पहिली पंगत आणि शेवटची पंगत' मी वर्गात उचलणार आहे. परंतु दोन शंका लगेच उभ्या राहिल्या. घोड्याला कोठीपोट नसते असे मी ऐकले आहे, तरीही तो गवतच खातो; मग त्याचे कसे चालते? आणि दुसरे असे की हे सगळे पोटाच्या आत चालते, तर ते पाहिले कोणी? मुले हा प्रश्न हमखास विचारतील.

जुनी पाने :

दुसऱ्या शंकेबद्दल थोडे लिहितो, कारण तिचा इतिहास रंजक आहे.

अठराव्या शतकापर्यंत विद्वानांत असा वाद होता की जठर अन्न दळते की विरघळवते. फ्रान्समधील रेओम्यूर यांनी १७५२ मध्ये घारीची मदत घेतली. घार न पचणाऱ्या वस्तू ओकून टाकते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी धातूच्या छोट्या नळ्यांमध्ये मांस भरले, नळ्यांची तोंडे जाळीने बंद केली आणि त्या घारीला गिळायला लावल्या. ओकून आलेल्या नळ्यांना पोचा पडलेला नव्हता, पण आतले मांस बरेचसे विरघळलेले होते. दळण्याने हे होणे शक्य नव्हते, तेव्हा जठरात मांस विरघळवणारा एखादा रस असला पाहिजे असा निष्कर्ष निघाला. इटलीतील स्पालान्झानी यांनी पुढे स्वतःवर प्रयोग केले. कापडी पिशव्यांत अन्न भरून ते स्वतः गिळत असत.

खरी खिडकी उघडली ती एका अपघाताने. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात, अलेक्सी सेंट मार्टिन या तरुण कामगाराला अगदी जवळून चुकून बंदुकीचे छर्रे लागले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले. पण जखम भरताना जठराच्या कडा कातडीला चिकटून बरगड्यांखाली एक कायमचे भोक राहिले. १८२५ पासून बोमाँट त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांस, पाव आणि कोबीचे तुकडे आत सोडत आणि ठरावीक वेळाने बाहेर ओढून पाहत. जठरातील रस काढून बाटलीत घालून उबेत ठेवला तरी तो मांस विरघळवतो, आणि सेंट मार्टिन चिडला की त्याच्या जठराचे कामही बिघडते, अशी निरीक्षणे त्यांनी १८३३ च्या ग्रंथात प्रसिद्ध केली. त्या रसातील पेप्सिन १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी ओळखले. सेंट मार्टिन हा गरीब आणि बोमाँट यांच्याच घरी नोकर होता, तो अनेकदा कंटाळून निघून गेला, आणि आजच्या नियमांनी असा प्रयोग कोणी होऊ देणार नाही, हेही मुलांना सांगावे असे मला वाटते. तो १८८० पर्यंत जगला.

गायीत मात्र अशी खिडकी आज मुद्दाम, भूल देऊन बसवली जाते. पशुपोषणाच्या संशोधनकेंद्रांत काही जनावरांच्या डाव्या भकाळीत रबरी झाकणाचे गोल भोक असते. नायलॉनच्या बारीक पिशवीत वजन करून चारा भरतात, ती कोठीपोटात सोडतात आणि २४ किंवा ४८ तासांनी काढून किती चारा उरला ते मोजतात. रेओम्यूर यांची नळी आणि ही पिशवी यांत कल्पना एकच आहे.

घाटवाट :

घोड्याबद्दल मी लिहितो. वन्यप्राण्यांची विष्ठा पाहून ते काय खातात याच्या नोंदी ठेवण्याचा मला छंद आहे, आणि हा छंद सांगितल्यावर लोक ज्या नजरेने पाहतात तिची मला सवय झाली आहे.

घोड्याचे जठर लहान असते, जेमतेम ८ ते १५ लिटरचे. त्याची भट्टी मागे आहे: लहान आतडे संपल्यावर सुमारे ३० लिटरची आंधळी पिशवी, म्हणजे अंधनाल, आणि त्यापुढे प्रचंड मोठे आतडे. गायीत चारा पुरेसा बारीक झाल्याखेरीज कोठीपोटातून पुढे सरकूच शकत नाही, त्यामुळे अगदी निकृष्ट काड मिळाले तर गाय पोट भरलेले असूनही उपाशी राहू शकते. घोड्याला असा दरवाजा नाही. तो कमी पचवतो, पण जास्त खातो आणि लवकर बाहेर टाकतो. हत्तीने हीच रीत टोकाला नेली आहे. मोठा हत्ती दिवसाला १५० किलोपर्यंत चारा खातो आणि त्यातला निम्म्याहून कमी भाग पचवतो. म्हणून हत्तीची लीद फोडली तर तिच्यात काड्या आणि सालींचे तुकडे ओळखू येतात, गायीच्या शेणात मात्र येत नाहीत. हत्तीची पिल्ले आईची लीद खातात. त्यातून त्यांना जिवाणूंचे विरजण मिळते.

मागच्या भट्टीचा तोटा प्रयोगवही यांनी सांगितलाच आहे, की जिवाणूंची प्रथिने वाया जातात. सशाने त्यावर उपाय काढला आहे. त्याच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. दिवसा गवतात दिसतात त्या कोरड्या आणि कडक, तर अंधनालातून येणाऱ्या दुसऱ्या मऊ, ओलसर आणि जिवाणूंनी भरलेल्या. या दुसऱ्या लेंड्या तो बाहेर पडतापडताच तोंडाने उचलून गिळतो आणि तेच अन्न दुसऱ्यांदा जठर व लहान आतड्यातून पाठवतो. गाय घशापर्यंत आणून जे करते, तेच ससा लांबच्या वाटेने करतो.

मात्र माझ्या मते सर्वांत विलक्षण उदाहरण आपल्या घाटांत झाडावर बसलेले असते. काळ्या तोंडाच्या वानराचे जठर कप्प्याकप्प्यांचे असून त्याच्या पहिल्या भागात, आम्ल येण्याआधी, पानांचे किण्वन होते. लाल तोंडाच्या माकडात ही सोय नाही. त्याच्या गालांत पिशव्या असतात आणि ते फळे, दाणे, किडे असे काहीही खाते. वानराचा गायीशी जवळचा काही संबंध नाही, तरीही दोघांच्या जठरात जिवाणूंची कवचे फोडणारे लायसोझाइम हे विकर मुबलक पाझरते. तेच विकर आपल्या अश्रूंमध्ये जंतुनाशक म्हणून असते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की गायीचे आणि वानराचे लायसोझाइम जठरातील आम्लात टिकण्यासाठी स्वतंत्रपणे, परंतु सारख्याच पद्धतीने बदलत गेले आहे. घाटातल्या वळणावर गाडी थांबवून वानरांना पाव आणि बिस्किटे देणाऱ्यांनी मास्तरांच्या शेजाऱ्यांची गाय आठवावी, कारण तो पाव वानराच्याही जिवाणूंकडेच आधी जातो.

घोड्याला दाणा जास्त झाला तरी हेच संकट येते, फक्त मागच्या बाजूला. लहान आतड्यात न मावलेले पिष्ट अंधनालात उतरते, तिथे आम्ल वाढते, आणि काही दिवसांत त्याचा परिणाम खुरांच्या दाहाच्या रूपाने दिसतो.

गोठ्यातून :

मी सासरी अकरा जनावरांचा गोठा सांभाळते. वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु भाताला एकदम विषाच्या रांगेत बसवले जाऊ नये असे मला वाटते. आम्ही गायींना रोज मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा आणि कधी शिळी भाकरीही घालतो. त्यांत पिष्टच असते, तरीही इतक्या वर्षांत एकही जनावर त्याने गेलेले नाही. मग फरक कशाचा?

आणखी एक विचारते. वासरू पहिले काही आठवडे रवंथ करत नाही, तरी दूध पचवते. ते दूध कोठीपोटात आंबत कसे नाही? आणि गायीची वार (गर्भाचे पोषण करणारा, विल्यानंतर बाहेर पडणारा भाग) पडल्याशिवाय वासराला चीक पाजू नये असे आमच्या सासूबाई म्हणतात, त्याला काही आधार आहे का?

भकाळ :

ताई, आपला आक्षेप योग्य आहे आणि माझे लिहिणे थोडे एकांगी झाले होते. फरक सवयीचा आणि मात्रेचा आहे. भरडा हळूहळू, दोन ते तीन आठवड्यांत वाढवत नेला तर लॅक्टिक आम्ल खाऊन टाकणारे जिवाणूही कोठीपोटात वाढतात आणि कोठीपोटाच्या अस्तराची शोषण्याची शक्ती वाढते. आपण भरडा विभागून, कडब्यासोबत घालत असणार. कडबा असला की रवंथ होते आणि रवंथ झाली की लाळेतला सोडा मिळत राहतो. शेजाऱ्यांच्या गायीला सवय नसताना, एका रात्रीत, चाऱ्याशिवाय, बहुधा दहा-वीस किलो अन्न मिळाले. कडब्यावरून हिरव्या चाऱ्यावर किंवा उलट जातानाही तो बदल एकदम करू नये, तो याच कारणाने.

जिवाणूंच्या या सवयीचा फायदाही घेता येतो. निकृष्ट काडावर १०० किलोला ४ किलो या प्रमाणात पाण्यात विरघळवलेला युरिया शिंपडून ते तीन आठवडे हवाबंद ठेवले तर काड मऊ होते आणि युरियातील नत्रापासून जिवाणू प्रथिने बनवतात. मोजमाप चुकले तर तोच युरिया मारतो, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना असे काड देऊ नये, कारण त्यांचे कोठीपोट अजून त्या कामाला आलेले नसते.

वासराबद्दल. जन्मतः त्याचा चौथा कप्पा सर्वांत मोठा असतो आणि कोठीपोट एखाद्या रिकाम्या पिशवीसारखे असते. वासरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली एक खाच मिटून तिची नळी बनते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात पडते, जिथे ते विकराने साकळते. पेंढा चघळता चघळता आणि आईने चाटता चाटता जिवाणूंची वस्ती बसते, आणि साधारण तीन महिन्यांत कोठीपोट कामाला लागते. नळीने वासराच्या घशात जबरदस्तीने दूध ओतले तर ती खाच नीट मिटत नाही आणि दूध कोठीपोटात पडून आपण म्हणता तसे आंबते.

सासूबाईंचा समज खूप ठिकाणी आढळतो, परंतु त्याला आधार नाही. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, गर्भातच, वारेतून मिळतात. गायीची वार त्यांना आत जाऊ देत नाही, म्हणून वासरू त्यांच्याशिवायच जन्मते. ती असतात चिकात. एरवी कोणतेही प्रथिन आतड्यात तुटून मगच शोषले जाते, पण नवजात वासराचे आतडे पहिल्या दिवशी ही मोठी प्रथिने न तोडता अखंड रक्तात घेते, आणि ती तुटू नयेत म्हणून चिकातच प्रथिने पचवणाऱ्या विकराला रोखणारा घटक असतो. ही वाट तासागणिक अरुंद होत जाते आणि सुमारे २४ तासांत बंद होते. वार पडायला आठ-दहा तास लागले तर तेवढे तास वासरू गमावते. तेव्हा जन्मल्यापासून एक-दोन तासांच्या आत चीक पाजावा, पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका तो पोटात जाऊ द्यावा, आणि खरवसासाठी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा चीक घ्यावा.